नोकरी करत एसीसीए: डिसेंबर आणि मार्चला कुठले पेपर एकत्र घ्यावेत?

खतावणी | १४ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहे. आधी पुरवठादारांची बिलं बघायचे, आता जनरल लेजर आणि महिनाअखेरीचं क्लोजिंग, म्हणजे महिन्याचे हिशेब बंद करणं, माझ्याकडे आलंय. एसीसीएचे, म्हणजे अकाउंटंट होण्यासाठीच्या ब्रिटिश संस्थेच्या परीक्षेचे, सुरुवातीचे तीन पेपर, मग लॉ आणि टॅक्सेशन, असे पाच पदरात पडले आहेत. परफॉर्मन्स मॅनेजमेंट म्हणजे पीएम नुकताच दिला, त्याचा निकाल ऑक्टोबरच्या मध्यावर येईल. अप्लाइड स्किल्स या मधल्या पातळीचे उरले तीन: फायनान्शियल रिपोर्टिंग म्हणजे एफआर, ऑडिट, आणि फायनान्शियल मॅनेजमेंट म्हणजे एफएम.

डिसेंबरला यातले दोन द्यायचे असं मनात आहे. पण कुठले दोन? जो तो एफआर आणि ऑडिटची जोडी सांगतो. माझ्या हाताखालून ऑडिट कधी गेलेलं नाही, मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. आकडेमोड मला बरी जमते, लिहायचं म्हटलं की हात अडखळतो. एका मैत्रिणीचं म्हणणं, तिन्ही एकदम देऊन टाक आणि मोकळी हो.

आणखी एक अडचण. आमचं आर्थिक वर्ष डिसेंबरला संपतं. जानेवारी-फेब्रुवारीत घरी कधी पोहोचेन याचा नेम नसतो, आणि मार्चची परीक्षा नेमकी त्यानंतर लगेच. म्हणून डिसेंबरलाच जास्तीत जास्त उरकावं असं वाटतंय.

ज्यांनी नोकरी सांभाळून हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

---

ताळेमेळ | १४ सप्टेंबर, रात्री ११:२५

एफआर आणि ऑडिट. डोळे झाकून.

कारण सांगतो. मी ऑडिट फर्ममध्ये होतो आणि हे दोन्ही एकाच वेळी दिले. दोन पेपरांत विषय तेच, प्रश्न विचारणारा माणूस वेगळा. कंपनीवर कुणी दावा लावलाय असं धरा. एफआरमध्ये आयएएस ३७ हे लेखामानक विचारतं, की घडून गेलेल्या गोष्टीमुळे आज बंधन आहे का, पैसे जाण्याची शक्यता जास्त आहे का, आणि रक्कम विश्वासार्हपणे मोजता येते का. तिन्हीला हो असेल तर तरतूद करा. ऑडिटच्या पेपरात तोच दावा येतो, पण तिथे विचारतात की ही तरतूद बरोबर आहे हे तुम्ही तपासणार कसं? वकिलाचं पत्र मागवा, संचालक मंडळाच्या सभांचं इतिवृत्त वाचा, वर्ष संपल्यानंतर काही रक्कम चुकती झाली का ते बघा.

मालसाठ्याचंही तेच. एफआर सांगतं, खरेदी किंमत आणि निव्वळ वसूल होऊ शकणारी किंमत यातली कमी ती धरा. ऑडिट सांगतं, साठा मोजताना हजर राहा आणि वर्षअखेरीनंतरची विक्रीची बिलं बघा, माल खरेदी किमतीपेक्षा कमी भावात तर गेला नाही ना. ताळेबंदानंतरच्या घटनांसाठी इकडे आयएएस १० आणि तिकडे आयएसए ५६० हे ऑडिटचं मानक. एक प्रकरण वाचलं की दुसरं निम्मं झालेलं असतं.

---

चौथा_प्रयत्न | १५ सप्टेंबर, सकाळी ७:१०

तीन एकदम देऊ नका. कळकळीनं सांगतोय.

मी दिले होते, हेच तीन. एका सिटिंगला चारपर्यंत पेपर देता येतात, मग तीन काय जड, असा विचार केला. परीक्षेच्या आदल्या महिन्यात माझी अवस्था अशी झाली की एफआरला बसलो की ऑडिट राहिलं म्हणून जीव कासावीस व्हायचा आणि ऑडिट उघडलं की एफएम आठवायचं. रिव्हिजन एकाचीही पूर्ण झाली नाही. निकाल ४४, ४६ आणि ४१, पास व्हायला ५० लागतात. एकाच विषयाला तो वेळ दिला असता तर निदान एक तरी पेपर निघाला असता. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ते मी जगलोय.

गुणांपेक्षा जास्त नुकसान मनाचं झालं. पुढचे सहा महिने पुस्तकाला हात लावला नाही.

---

एकेक_पायरी | १५ सप्टेंबर, दुपारी १:०५

वरच्याला पूर्ण अनुमोदन, आणि मी त्याच्याही पुढे जाऊन म्हणेन की पूर्णवेळ नोकरी असेल तर एका वेळी एकच पेपर.

मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर अशा वर्षाला चार सिटिंग मिळतात. दर वेळी एक दिला आणि तो निघाला तरी वर्षाला चार होतात. नॉलेज आणि स्किल्स या खालच्या दोन पातळ्यांना मुदतीचं बंधन नाही. सात वर्षांचं घड्याळ सुरू होतं ते वरच्या पातळीचा, म्हणजे स्ट्रॅटेजिक प्रोफेशनलचा पहिला पेपर पास झाल्यावर. मग घाई कशाची? सदस्यत्वासाठी ३६ महिन्यांचा अनुभवही लागतोच, तो नोकरी करताना आपोआप जमतोय.

---

पहाटपाळी | १५ सप्टेंबर, दुपारी ३:३०

एकेक_पायरी, पटतंय, पण सगळ्यांनाच ते मानवत नाही. मला एकच पेपर असला की पहिले सहा आठवडे 'वेळ आहे अजून' यातच जातात. दोन असले की पहिल्या दिवसापासून खुर्चीत बसते. हा स्वभावाचा प्रश्न आहे आणि तो ज्यानं त्यानं ओळखायचा.

खतावणी, जोडी ठरवण्याआधी एक कराल? कागद घ्या आणि स्वतःचे तास मोजा. मी दर वेळी हे करते. माझं लहान मूल आहे, त्यामुळे पहाटेचा दीड तास तेवढा माझा.

तुमचं गणित मी अंदाजानं मांडून बघते. आजपासून परीक्षेपर्यंत बारा आठवडे धरा. कामाच्या पाच दिवसांत रोज दीड तास म्हणजे साडेसात, शनिवार-रविवार मिळून सहा. आठवड्याचे साडेतेरा. बारा आठवड्यांचे झाले १६२. यात तीन महिनाअखेरी येतात. त्या आठवड्यांत कामाच्या दिवशी अभ्यास होत नाही हे प्रामाणिकपणे मान्य करा, साडेबावीस तास वजा. राहिले १३९. आजारपण, पाहुणे, अचानक निघालेलं काम यासाठी दहा टक्के सोडा. हातात उरतात १२५.

आता मला एफआरला लागले होते ११० तास, ऑडिटला ९५, एफएमला ९०. दोनची कुठलीही बेरीज १२५ मध्ये बसत नाही. परीक्षेआधी पाच दिवसांची रजा मिळाली आणि रोज आठ तास बसलात तर ४० वाढतील, १६५ होतील. तरीही तूट राहतेच. ही तूट कुठून भरून काढणार ते आधी ठरवा, जोडी नंतर.

---

खतावणी | १५ सप्टेंबर, रात्री १०:१५

पहाटपाळीताई, कागदावर मांडलं. तुमचा अंदाज जवळजवळ बरोबर निघाला, फक्त माझे रविवार थोडे जास्त मोकळे असतात. पंधरा तासांच्या आसपास जाईल आठवड्याला. रजेबद्दल उद्या साहेबांशी बोलते.

ताळेमेळदादा, तुमचं उदाहरण फार आवडलं. पण तुम्ही ऑडिट फर्ममध्ये होतात. वकिलाचं पत्र मागवायचं काम तुम्ही प्रत्यक्ष केलेलं. मला ते सगळं पाठ करावं लागेल अशी भीती वाटते.

---

संदर्भसूची | १६ सप्टेंबर, सकाळी ९:५०

मी गेली काही वर्षं हे पेपर शिकवतो. खतावणी यांनी शेवटच्या ओळीत जे लिहिलंय ते या धाग्यात सर्वांत महत्त्वाचं आहे.

एफआर आणि ऑडिटची जोडी अभ्यासक्रमाच्या दृष्टीनं उत्तमच. पण पेपरांची ठेवण बघा. एफआरमध्ये दोन गुणांचे पंधरा वस्तुनिष्ठ प्रश्न, मग दहा-दहा गुणांची तीन प्रकरणं, तीही वस्तुनिष्ठ. म्हणजे ६० गुण पर्याय निवडून किंवा आकडा भरून मिळतात. लिहायचे फक्त ४०. एफएमचा साचा हाच. ऑडिटमध्ये उलटं आहे. वस्तुनिष्ठ ३० आणि बाकीचे ७० लिहायचे, एक प्रश्न ३० गुणांचा आणि दोन २०-२० चे. ज्याचा हात लिहिताना अडखळतो त्याला ऑडिटसाठी वाचनापेक्षा लेखनाचा सराव जास्त लागतो, आणि तो सराव आयत्या वेळी होत नाही.

म्हणून दोन जोड्यांची तुलना करताना दोन वेगळे प्रश्न विचारावेत. विषय किती सामाईक आहे, हा एक. आणि परीक्षेत लागणारं कौशल्य किती सामाईक आहे, हा दुसरा. एफआर आणि ऑडिट विषयानं जवळ, कौशल्यानं लांब. एफआर आणि एफएम विषयानं लांब, पण दोन्हीकडे लागतो तो भराभर आणि अचूक आकडेमोडीचा सराव आणि स्प्रेडशीटवर नीट मांडणी. तुम्ही नुकताच पीएम दिलाय. तिथे निर्णयासाठी कुठला खर्च धरायचा आणि कुठला सोडायचा हे शिकलात, तेच एफएममध्ये निव्वळ वर्तमान मूल्य काढताना लागतं. आधीच झालेला खर्च प्रकल्पाच्या हिशेबात धरायचा नाही, हे तुम्हाला नव्यानं शिकावं लागणार नाही. पीएमची धग अजून आहे तोवर एफएम घेणं फायद्याचं.

आणि आता तुमच्या मार्चबद्दल. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीला अडचण समजताय. मी विचारतो, त्या दोन महिन्यांत तुमच्या ऑफिसात कोण येऊन बसतं?

---

खतावणी | १६ सप्टेंबर, दुपारी १:२०

ऑडिटर!

सर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन आठवडे ते आमच्याच मजल्यावर बसतात आणि रोज माझ्याकडेच कागद मागतात.

---

संदर्भसूची | १६ सप्टेंबर, रात्री ८:४०

बरोबर. त्यांनी मागितलेल्या प्रत्येक कागदाशी तुम्ही अभ्यासातला मुद्दा जोडू शकता. बँकेकडून थेट शिल्लक कळवणारं पत्र का मागवतात, आपण दिलेलं स्टेटमेंट का चालत नाही? कारण बाहेरून आणि थेट त्यांच्या हातात आलेला पुरावा आपल्या हातून गेलेल्या पुराव्यापेक्षा भक्कम. एंट्रीवर सही कुणाची, पुरवठादाराचं खातं नव्यानं उघडायला कुणाची मंजुरी लागते, असले प्रश्न ते का विचारतात? ते अंतर्गत नियंत्रण तपासत असतात. ऑडिटच्या पेपरात नियंत्रणातल्या उणिवा ओळखून, त्यांचा परिणाम सांगून, उपाय सुचवायला सांगतात. तुम्ही ज्या पद्धतीनं बिलं मंजूर करता ती पद्धतच तुमचं पुस्तक.

तेव्हा माझं मत असं: डिसेंबरला एफआर, सोबत एफएम झेपत असेल तर तो. मार्चला ऑडिट एकटं. एफआर नुकताच झालेला असल्यामुळे ताळेमेळ म्हणतात तो सामाईक भागाचा फायदाही हातचा जात नाही.

अभ्यासक्रमाचं वर्षही तुमच्या बाजूनं आहे. एफआर, ऑडिट, एफएम या पेपरांचा अभ्यासक्रम सप्टेंबर ते पुढचा जून असा चालतो. डिसेंबर, मार्च, जून तिन्ही सिटिंगला तीच पुस्तकं. टॅक्सेशनच्या यूके पेपरचं चक्र जून ते मार्च असतं, त्यामुळे तो मार्चला हुकला तर जूनला नव्या कायद्यासकट पुन्हा वाचावं लागतं. तुमचा टॅक्स झालाय, हे चांगलं झालं.

---

ताळेमेळ | १६ सप्टेंबर, रात्री ९:३०

संदर्भसूची सर, ऑडिटर समोर बसलेले असताना अभ्यास करायचा हा मुद्दा मान्य. मी माझ्याच बाजूनं बघत होतो. पण एक शंका उरते. फेब्रुवारीत तिला वेळच मिळाला नाही तर? ऑफिसात शिकलेलं परीक्षेत उतरवायला लेखनाचा सराव लागतो असं तुम्हीच म्हणालात.

---

संदर्भसूची | १६ सप्टेंबर, रात्री ९:५५

रास्त शंका. म्हणूनच मार्चला एकच पेपर म्हणतोय. आणि लेखनाचा सराव डिसेंबरच्या परीक्षेनंतर लगेच सुरू व्हायला हवा, क्लोजिंगचा धबडगा सुरू होण्याआधी. निकालाची वाट बघत बसू नये. निकाल यायला साधारण सहा आठवडे लागतात आणि पुढच्या परीक्षेला तेव्हा जेमतेम सातच उरलेले असतात. लागोपाठच्या सिटिंगला बसणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक हीच होते.

---

सांजदीप | १७ सप्टेंबर, सकाळी ८:१५

धागा थोडा भरकटवतोय, माफी असावी. माझे स्किल्सचे सगळे झाले. आता वरच्या पातळीचे एसबीएल (स्ट्रॅटेजिक बिझनेस लीडर) आणि एसबीआर (स्ट्रॅटेजिक बिझनेस रिपोर्टिंग) डिसेंबरला एकत्र घ्यायचा विचार आहे. दोन्ही सक्तीचेच आहेत, तर एकदम उरकावेत का?

---

चौथा_प्रयत्न | १७ सप्टेंबर, सकाळी १०:४०

मी एसबीएल आणि एसबीआर एकत्र दिले. एसबीएल निघाला, एसबीआर गेला. कारण नंतर लक्षात आलं.

स्ट्रॅटेजिक बिझनेस लीडरमध्ये परीक्षेच्या दोन आठवडे आधी कंपनीची आणि उद्योगाची माहिती हातात देतात. ती हातात पडली की दुसरं काही सुचत नाही. स्पर्धक कोण, संचालक मंडळात कोण, धोके कुठले, सतत तेच डोक्यात. आणि ते दोन आठवडे एसबीआरच्या रिव्हिजनचे होते. परदेशी उपकंपनीचं एकत्रीकरण, शेअरवर आधारित मोबदला, कर्मचाऱ्यांचे निवृत्तिलाभ, हे सगळं शेवटच्या पंधरवड्यात पुन्हा हातानं केलं नाही तर विसरायला होतं.

एसबीएलसोबत दुसरा पेपर घ्यायचाच असेल तर त्याचा अभ्यास ती माहिती मिळण्याआधीच संपवायचा. मग दोन आठवड्यांत त्याचा फक्त सराव, नवीन काही नाही. ही शिस्त जमेल असं वाटत असेल तरच.

---

पहाटपाळी | १७ सप्टेंबर, दुपारी २:००

सांजदीप, मी एसबीएलसोबत एएफएम, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट, घेतला होता आणि तो अनुभव चांगला आला. एका पेपरात लिहून लिहून थकले की दुसऱ्यात आकड्यांकडे वळायचं. विलीनीकरणाचं मूल्यांकन, चलनाच्या जोखमीपासून बचाव, व्याजदराचे करार, असं करताना डोक्याचा वेगळाच भाग चालतो. अर्थात एफएम पक्का असेल तरच. एफएम ५० वर निसटून पास झाला असेल तर एएफएमला वेगळा वेळ द्या.

एसबीआर झाल्यावर अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिट घ्या, एसबीआरच्या आधी नको. त्या पेपरात एसबीआरचं ज्ञान गृहीतच धरलेलं असतं. एकत्र घेणारे आहेत, पण ते बहुधा ऑडिटमध्येच काम करणारे. अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिट आणि एपीएम (अ‍ॅडव्हान्स्ड परफॉर्मन्स मॅनेजमेंट) या दोन्हींत पास होणाऱ्यांचं प्रमाण बऱ्याचदा तिशीतल्या टक्क्यांत असतं, हेही लक्षात असू द्या.

---

एकेक_पायरी | १७ सप्टेंबर, दुपारी ४:२०

सांजदीप, वरच्या पातळीवर पेपर ५० ला पास होतो म्हणून तो खालच्या पातळीइतकाच असं समजू नका. आणि ते सात वर्षांचं घड्याळ लक्षात ठेवून पहिला पेपर निवडा. आधी नैतिकता आणि व्यावसायिक कौशल्यांचं मॉड्यूल उरकून घ्या. त्यातली स्प्रेडशीट आणि लेखनाची तयारी एसबीएलला कामी येते.

---

खतावणी | २० सप्टेंबर, रात्री ११:०५

ठरलं. डिसेंबरला एफआर आणि एफएम, मार्चला ऑडिट.

साहेबांशी बोलले. परीक्षेआधी पाच दिवसांची रजा मंजूर झाली. मी त्यांना विनंती केली की ऑक्टोबरच्या क्लोजिंगमध्ये तरतुदींचं आणि लीजचं काम माझ्याकडे द्या, एफआरला उपयोग होईल. ते म्हणाले, घे, पण चूक झाली तर तुझी. ते काम एरवी मला आणखी वर्षभर मिळालं नसतं.

तूट अजून आहे. हिशेब केला तर हातात १८० तास येतात आणि मला लागतील २००. सकाळी अर्धा तास लवकर उठून भरून काढेन.

---

पहाटपाळी | २१ सप्टेंबर, सकाळी ५:४०

लीजचं काम मिळालं हे छानच. आयएफआरएस १६ हे लीजचं लेखामानक वाचताना वापरहक्काची मालमत्ता आणि भाड्याचं दायित्व पहिल्या दिवसानंतर वेगवेगळं वळण का घेतं हे कुणाला कळत नाही. एकदा प्रत्यक्ष एंट्री केली की विसरत नाही. महिनाअखेरीला दायित्वावरचं व्याज आणि मालमत्तेवरचा घसारा स्वतः काढा, सॉफ्टवेअरनं काढलेला आकडा नंतर बघा.

एक विनंती. त्या वीस तासांची तूट कुठल्या पेपरवर पडणार आहे ते आजच ठरवा. ठरवलं नाही तर ती शेवटी ज्याची परीक्षा नंतर आहे त्याच्यावर पडते.

---

खतावणी | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

पीएम पास, ५८! अभ्यास सुरू आहे. एफआरमधलं एकत्रीकरण जमायला लागलंय. वर्षाच्या मध्ये घेतलेल्या उपकंपनीचा खरेदीआधीचा नफा वेगळा काढायला मी सारखी विसरत होते, आता वेळेची रेघ आखूनच सुरुवात करते.

---

चौथा_प्रयत्न | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

अभिनंदन! ती रेघ कधीही सोडू नका. आणि कागदावर नको, एसीसीएच्या सराव प्लॅटफॉर्मवर सोडवा. परीक्षेत तोच पडदा समोर येणार. मी कागदावर सराव करून गेलो होतो आणि पहिली वीस मिनिटं स्प्रेडशीटच्या चौकटी शोधण्यात गेली.

---

खतावणी | १३ जानेवारी, रात्री ११:५०

निकाल आला. एफआर ६१. एफएम ४७.

खूप रडले आज, खोटं कशाला बोलू. नोव्हेंबरच्या क्लोजिंगमध्ये एक एंट्री जुळेना म्हणून चार रात्री गेल्या. तूट ठरल्याप्रमाणे दोन्हीवर वाटून घेणार होते. पहाटपाळीताई, तुम्ही म्हणालात तेच झालं, सगळी एफएमवर पडली. खेळत्या भांडवलाचा आणि प्रकल्प मूल्यांकनाचा भाग चांगला झाला होता. व्यवसायाचं मूल्यांकन आणि चलनाच्या जोखमीला मी एकदाच वाचून हात लावला होता, आणि वस्तुनिष्ठ प्रश्नांत नेमके तेच आले. २०० लागतील असं मीच लिहिलं होतं. मोजून बघितलं तर प्रत्यक्षात १६० झाले.

आता मार्चला एफएम पुन्हा ऑडिटसोबत घेऊ का? सात आठवडे आहेत. तीन गुणांनी गेलाय, थोडंसंच लागेल असं मन म्हणतंय.

---

एकेक_पायरी | १४ जानेवारी, सकाळी ७:३०

नको. क्लोजिंगच्या दिवसांत दोन पेपर म्हणजे ऑडिटही हातचं जाईल.

एफआर ६१ वर काढलात, नोकरी करून. त्याचा आनंद आज आधी माना.

---

पहाटपाळी | १४ जानेवारी, सकाळी ८:०५

तीन गुणांना कमी अभ्यास पुरतो असं वाटतं, पण ते दोन प्रकरणं अख्खी नव्यानं शिकायची आहेत. त्याला माझ्या हिशेबानं तीस तास लागतील, वर बाकीच्याची उजळणी. फेब्रुवारीत तुमच्याकडे तीस तास जास्तीचे आहेत का ते पुन्हा कागदावर मांडा. माझ्या मते नाहीत. जूनला घ्या. अभ्यासक्रम तोच आहे, पुस्तकं तीच, आणि तेव्हा क्लोजिंग संपलेलं असेल.

आणि निकालाच्या दिवशी पुढची नोंदणी करू नका. दोन दिवस जाऊ द्या.

---

ताळेमेळ | १४ जानेवारी, सकाळी ९:१५

जूनला घ्या, मीही तेच म्हणतो. ऑडिटची उत्तरं लिहून इथे टाका, मी तपासून देईन. रोज एक छोटा प्रश्न. उणीव, तिचा परिणाम, शिफारस, अशा तीन वाक्यांत. 'तपासावे' एवढं लिहून गुण मिळत नाहीत, काय, कशाशी आणि कशासाठी तपासणार ते लिहावं लागतं.

---

खतावणी | १८ फेब्रुवारी, रात्री १०:२०

तुम्हा सगळ्यांचं ऐकलं. मार्चला फक्त ऑडिट, एफएम जूनला. ताळेमेळदादांनी आतापर्यंत माझी बावीस उत्तरं तपासली आहेत. पहिल्या उत्तराला वीसपैकी सात दिले होते, काल चौदा मिळाले.

आज ऑफिसात घडलेलं सांगते. ऑडिट टीममधली एक नवी मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, मालसाठ्याची यादी हवी आहे, आणि त्यासोबत... ती पुढचं वहीत शोधायला लागली. मी म्हटलं, जानेवारीतली विक्रीची बिलं ना? मंद खपाच्या मालाची वेगळी काढून ठेवली आहेत, आणि ज्या तीन मालांचा भाव खरेदीपेक्षा खाली गेलाय त्यांवर खूण केली आहे. ती हसली आणि खुर्ची ओढून बसली. ती पण डिसेंबरला ऑडिटचा पेपर देऊन आलीये. आम्ही अर्धा तास त्या यादीवर बोललो. मी तिला आमच्या कोठारात माल कसा फिरतो ते दाखवलं आणि तिनं मला तिचा तपासणीचा कागद कसा भरतात ते.

उद्या ती बँकेच्या पत्रांसाठी येणार आहे.